दोन शेगड्यांचं घर

डोंगराला भेगा पडल्या आणि सरकारने अख्खं गाव रिकामं करायला लावलं. बरेचसे लोक छावणीत गेले. गावची शिंपीण मात्र नवरा, तीन मुलं, सासू आणि शिलाई मशीन घेऊन शहरात नणंदेच्या दारात उभी राहिली. नणंदेच्या दोन खोल्यांत आधीच पाच जण होते, ते अकरा झाले. मशीन मोरीच्या तोंडाशी बसली. अंघोळीला जाणाऱ्याने आधी ती ओलांडायची.

अशात कळलं की छावणीबाहेर राहणाऱ्यांनाही सरकार वर्षभर खोलीचं भाडं देणार आहे. शिंपिणीच्या अंगात वारं शिरलं. स्वतःची खोली, खिडकीपाशी मशीन! तिने तडक अर्ज भरला. तपासणीची तारीखही मिळाली. पण रांगेतल्या एकीने मनात भुंगा सोडला: घरात वेगळी शेगडी दिसली नाही, तर अर्ज बाद.

मग काय, नणंद-भावजय दोघी पदर खोचून कामाला लागल्या. मधोमध चादर टांगली. शेजारणीची शेगडी आणली, रिकामे डबे ओळीने मांडले. सासूची खाट मात्र कुठल्याच बाजूला मावेना. ती चादरीखालीच आडवी राहिली, डोकं लेकीकडे, पाय सुनेकडे. म्हातारीच्या पोटात काही राहत नाही म्हणून नणंदेने तिला यातलं काही सांगितलंच नाही.

ठरल्या दिवशी काखेत फायली धरून तपासणीच्या बाई आल्या. त्यांनी शेगडी पाहिली. ती नव्या नवरीसारखी लख्ख होती. या डब्यात काय आहे, असं त्यांनी विचारलं. शिंपिणीने मीठ सांगितलं. बाईंनी झाकण काढलं तर आत शर्टाची बटणं. शिंपिणीच्या पोटातून हसू उसळलं, ते तिने खोकल्यावारी नेलं. नणंदेच्या बाजूने चादर गदगदा हलायला लागली.

बाईंनी मग खाटेकडे मोर्चा वळवला. "आजी, तुम्ही जेवता कोणाकडे?"

"जिचं आधी होईल तिच्याकडे," म्हातारी म्हणाली. "पण दोघी एकाच पातेल्यात रांधतात, त्यामुळे रोज एकदमच होतं."

आता लपवायला उरलंच काय? हसता हसता शिंपिणीच्या डोळ्यांत पाणी आलं. खोली गेली, खिडकी गेली. तिने सगळं कबूल केलं.

बाईंनी अर्ज चष्म्याजवळ नेला. "अहो, पण तुम्ही इथे भाडेकरू म्हणून खूण का केलीत? वेगळी शेगडी भाडेकरूला लागते. नातेवाइकांकडे राहणाऱ्याला काही लागत नाही, घरच्या बाईची सही तेवढी हवी."

शिंपीण खालच्या आवाजात म्हणाली की नणंदेच्या सासरी सहा माणसं फुकट राहतात, हे सरकारी कागदावर लिहायला तिचा हात धजला नाही.

चादर खसकन खाली आली. "भाडेकरू?" नणंद कमरेवर हात ठेवून उभी होती. "वहिनी, कधी मागितलं हो मी भाडं? मोरीचं वेगळं धरलंय की त्यातच आलं?"

"वन्सं, तसं नव्हे हो..."

पण नणंद ऐकेना. तिने बाईंच्या हातातलं पेन घेऊन तो शब्द असा गिरवून खोडला की कागद फाटला. बाईंनी डोळे पुसत कोरा अर्ज काढला. हा अर्ज नणंदेनेच भरला. पाहुणे किती दिवस राहू शकतात, या रकान्यात तिने ठसक्यात लिहिलं, जन्मभर. असं लिहिलं तर खोली मिळणार नाही, हे बाईंनी तिला समजावून सांगितलं. मग तिने ते खोडून 'खोली मिळेपर्यंत' असं लिहिलं आणि सही केली. सहीखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ घातली: खोली याच गल्लीत असावी.