हेल्वीच्या मापाची कुऱ्हाड

हेल्वीचा नवरा ताइस्तो ताडमाड माणूस होता, आणि त्याची कुऱ्हाडही त्याच्याच अंगलोटाची. लांब दांडा, जड पातं. तो गेल्यानंतरच्या पानगळीत हेल्वी ती कुऱ्हाड घेऊन एकटीच रानात गेली, कारण घरात बसून राहणं तिला जमेना. ओढ्याकाठी कॉफीपुरता जाळ करावा म्हणून तिने एका वाळक्या ओंडक्यावर घाव घातला. घाव निसटला आणि पातं तिच्या रबरी बुटाच्या टोकात घुसलं. बोटं थोडक्यात वाचली. पण ती तिथेच मटकन बसली. पायावर आलं असतं तर ओरडून घसा सुकला असता, आणि ऐकायला कावळ्यांखेरीज कोण होतं? दोघं असताना अशी गोष्ट हसण्यावारी जाते. एकटीला ती घरापर्यंत सोबत करत आली.

मुलगी हेलसिंकीहून फोनवर म्हणाली, आता रान पुरे, माझ्याकडे ये. हेल्वीने हो हो म्हटलं, आणि मार्च लागल्यावर गावातल्या दुकानात कुऱ्हाड घ्यायला गेली.

दुकानदार रेइयो ताइस्तोच्या वर्गातला. शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तोही होता, आणि तेव्हापासून हेल्वी दिसली की त्याला एकदम काहीतरी काम आठवायचं. आज दुकानात तिसरं कुणी नव्हतं, त्यामुळे त्याला पळता येईना. त्याने लाल दांड्याची एक चिमुकली कुऱ्हाड काढून पुढे ठेवली.

"ही घे. पिशवीत मावते. खेळण्यासारखी हलकी."

"मी खेळायला नाही चालले," हेल्वी म्हणाली. "आखूड कुऱ्हाड हुकली की गुडघ्यात बसते. जरा लांब असली तर जमिनीत जाते."

"ताइस्तोपण हेच म्हणायचा."

"तो म्हणायचा, मी ऐकायचे. आता मलाच म्हणावं लागतं."

हेल्वीने भिंतीला टांगलेल्या कुऱ्हाडी एकेक करून खाली उतरवल्या. रंगवलेल्या दांड्याच्या तिने आधीच बाजूला सारल्या. रंगाखाली गाठ असेल की चीर, कुणी सांगावं. उरलेल्यांचे दांडे तिने बुडाशी निरखले. लाकडाच्या रेषा पात्याच्या दिशेने उभ्या हव्यात; आडव्या असल्या की दांडा ऐन वेळी दगा देतो. मग सुईत दोरा ओवताना मिटतात तसा एक डोळा मिटून धारेवरून दांड्यापर्यंत पाहिलं. एक पातं वाकडं बसलेलं होतं. दुसऱ्यात पाचर नीट बसली नव्हती, हलवलं की बारीक खुळखुळायचं.

शेवटी खालच्या फळीवर, धुळीत पडलेली एक सापडली. जवसाचं तेल पाजलेला साधा दांडा. पातं मुठीत धरून तिने हात खाली सोडला, तर दांड्याचं टोक बरोबर काखेत आलं.

"ती कुणी घेत नाही," रेइयो म्हणाला. "पुरुषांना लहान वाटते, बायकांना मोठी."

"मला बरोबर आहे."

"एकटीच जाणार?"

"दुसरं कोण आहे?"

तिने टोमणा मारला नव्हता. पण रेइयो कागद आणायला म्हणून आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

थंडी जरा उणावली तेव्हा हेल्वी स्की बांधून निघाली. गोठलेल्या नदीवरून जायचं, मग पाईनच्या रानातून तळ्याकाठच्या झोपडीपर्यंत. तिथे राहून तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे धरायचे. झोपडी सगळ्यांची, कुलूप नाही, येईल त्याने राहावं. नदीचं बर्फ तिने वाटेत जागोजागी काठीने ठोकून पाहिलं. तरी एका वळणावर, वरून कोरडं दिसणाऱ्या हिमाखाली पाणी साचलं होतं. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. ओढून काढला तेव्हा बूट पाण्याने भरलेला होता आणि पाहता पाहता विजारीवर बर्फाचं कवच चढलं.

थांबण्यात अर्थ नव्हता. झोपडी जवळच होती. ती चालत राहिली, आधी बोटं दुखली, मग दुखेनाशी झाली. न दुखणंच वाईट, हे तिला ठाऊक होतं.

झोपडीत चूल होती, पण सरपणाचा कोनाडा रिकामा. आधी येऊन गेलेल्यांनी सगळं जाळलं होतं आणि मागून येणाऱ्यासाठी काडीही ठेवली नव्हती. बाहेरच्या छपराखाली न फोडलेले ओंडके होते, दगडासारखे गोठलेले. हेल्वीला हातघाई करावीशी वाटत होती. पण गारठलेल्या पात्याची धार गोठल्या लाकडावर काचेसारखी उडते. तिने पातं कोटाच्या आत, काखेत धरलं आणि दात वाजवत उभी राहिली. आयुष्यात एवढा वेळ तिने कशाचीच वाट पाहिली नसेल.

मग गुडघ्यांवर बसून, ओंडक्याच्या कडेकडेने तिने घाव घातले. मध्ये नाही, कडेने. तिसऱ्या-चौथ्या घावाला लाकूड कुरकुरलं आणि उलगडलं. आतलं लाकूड कोरडं, पिवळंधमक होतं. त्याच्या तिने बोटाएवढ्या चिरफळ्या काढल्या, भूर्जाची साल खाली घातली आणि चूल रचली. ताइस्तो जाड लाकूड खाली घालायचा. बारीक आधी रचलं की म्हणायचा, ही काय चिमण्यांची चूल. हेल्वीने बारीक आधी रचलं. पहिल्याच काडीला पेटलं. चुकलं म्हणायला कुणी नव्हतं, आणि ती क्षणभर दाराकडे पाहत राहिली.

बोटांत जीव परतू लागला तेव्हा कळा अशा आल्या की ती मोठ्याने रडली. लहानपणानंतर एवढ्या मोठ्याने ती कधी रडली नव्हती, दफनाच्या दिवशीही नाही. रडता रडता ते बोटांसाठी राहिलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. थांबवायचं कुणासाठी, म्हणून तिने थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धूर पाहून एक रेनडियरवाला इंजिनाच्या हिमगाडीवरून आला. निइलो नाव. त्याची जनावरं डोंगरापलीकडे भरकटली होती. त्याने कॉफी घेतली, सुक्या मांसाचा तुकडा सुरीने कापून तिच्यापुढे ठेवला. मग त्याची नजर कोनाड्याकडे गेली. हेल्वीने तो पहाटे काठोकाठ भरला होता.

"कुणी फोडलं?"

"मी."

"हं," तो म्हणाला. त्या भागात ही मोठी शाबासकी.

तिने नदीवरचं सांगितलं. त्याने पाय पाहिला, बोटं हलवून बघायला लावली, लाल आहेत म्हणजे ठीक म्हणाला. गाडीवरून गावात सोडू का, असंही विचारलं. हेल्वी नाही म्हणाली. मासेमारी राहिली होती, शिधा होता.

"परतताना नदीवरून जाऊ नकोस. कड्यावरून जा."

"तसंच करीन. अजून कॉफी घेणार?"

हे तिने जरा घाईने विचारलं. त्यालाही ते जाणवलं असावं, कारण तो उठता उठता पुन्हा बसला. दुसरा कप दोघांनी सावकाश संपवला.

मग तो गेला. गाडीचा आवाज रानात लांबवर ऐकू येत राहिला, मग येतोय की कानातच आहे हे कळेनासं झालं. हेल्वी दारात उभी होती. बूट वाळले होते. ते चढवून, गळ आणि बादली घेऊन ती तळ्याकडे उतरली.