शर्ट आत घेताना

साक्षीने शर्ट उलटा करून ब्लँकेटच्या घडीवर अंथरला आणि दोन्ही बाजूंचं जादा कापड टाचण्यांनी धरलं. कापडाच्या दोन पदरांमध्ये जाळीसारखी पातळ पट्टी सरकवली, वर ओला रुमाल टाकला आणि इस्त्री दाबून मनात दहापर्यंत मोजलं. रुमालातून फुस्स करून वाफ निघाली.

"बघा पप्पा! सुई नाही, दोरा नाही. दहावीतली पोरगी टेलरची दुकानं बंद पाडणार."

"आधी माझा शर्ट जाळू नको," रवी म्हणाला. तो पलंगावर नुसत्या बनियनवर बसला होता. मम्मीने मागच्या आठवड्यात आणलेलं ते लहान मापाचं बनियन त्याला नीट बसत होतं.

पोटाच्या ऑपरेशनला सहा महिने होऊन गेले होते आणि उद्या सोमवारी तो मनमाडला कामावर हजर होणार होता. अठरा वर्षं त्याने रेल्वेत तिकीटखिडकी सांभाळली होती. डॉक्टरांनी फिट लिहून दिलं होतं. धास्ती होती ती साहेबांच्या नजरेची. शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा दिसला, तर ते मायेनेच म्हणतील, पगारे, खिडकी राहू द्या, आत रेकॉर्डला बसा. आणि आत बसलेला माणूस पुन्हा खिडकीवर आलेला रवीने कधी पाहिला नव्हता.

टेलरकडे जायला तो तयार नव्हता. एवढे कसे वाळलात, असं टेलर विचारणारच. घरी हाताने शिवायला मम्मीचा विरोध. शिवण उसवली की सुईची भोकं राहतात, आणि अंग भरल्यावर शर्ट पुन्हा मोठा करायचा होता. म्हणून मग साक्षीची ही चिकटपट्टी. गरम केली की लागते, पुन्हा गरम केली की सुटते.

"घाला."

रवीने शर्ट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. साक्षी दोन पावलं मागे सरली. शर्ट अजूनही दोन्ही बाजूंनी लोंबत होता.

गल्लीतून आवाज आला, "जयभीम, पगारे! उद्या जॉइन ना?"

"जयभीम. हो, हो," रवीने आतूनच हात वर केला आणि खिडकीपासून बाजूला झाला.

साक्षीने वहीच्या पानावरचा छातीच्या मापाचा आकडा पाहिला. सदतीस. सकाळी तिने दोनदा मोजलं होतं. तेव्हा पप्पा झेंडावंदनाला उभं राहावं तसे ताठ होते, छाती पुढे, तोंड घट्ट मिटलेलं. "पप्पा, मी फोटो काढत नाहीये," असं ती म्हणाली होती. तिच्या फालतू जोकवरही खो खो हसणारे पप्पा तेव्हा हसले नव्हते. मोजपट्टी निघाल्यावरच बोलले होते.

तिने वही मिटली.

"सकाळी मोजपट्टी सरकली वाटतं. माझीच चूक. शर्ट काढा, परत माप घेते."

"असू दे गं. चालेल असा."

"माझं नाव खराब होईल ना मनमाडपर्यंत!"

तो शर्ट काढून उभा राहिला. साक्षीने मोजपट्टी पाठीमागून फिरवून पुढे आणली. त्याची छाती वर आली. तिने आकड्याकडे पाहिलं नाही. दोन्ही टोकं बोटांत धरून ती नुसतीच उभी राहिली. स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. रवीचे कान लाल झाले. मानेची शीर ताठ झाली.

"घाई नाही, पप्पा," ती हळूच म्हणाली. "मी थांबलेय."

त्याने तिच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मग श्वास सोडला. बराच वेळ सोडत राहिला. साक्षीच्या बोटांतली पट्टी सैल पडली. तिने ती आत ओढली, आणखी थोडी ओढली, आणि जिथे थांबली तिथे अंगठा दाबला.

चौतीस.

"किती आलं गं?" मम्मीने आतून विचारलं.

साक्षीने अंगठा हलवला नाही. रवी भिंतीकडेच पाहत होता.

"सदतीस," ती म्हणाली. "सकाळी आलं तेवढंच."

भाकरीचा आवाज थांबला.

"बरं," मम्मी म्हणाली. "तू चौतीस धर. आणि दोन बोटं सैल ठेव, त्यांना अजून जेवायचंय."