कापसाचा डोंगर

महानंदा ज्या बाईवर जळत होती ती बाई कागदावरची होती. हाडामांसाची असती तर एकदा समोर बोलावून तिची खरडपट्टी काढली असती. कागदावरच्या बाईचं काय करणार?

नवा महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. महानंदाचे यजमान माणिकप्पा यांचं धाराशिवात घराला लागूनच कापसातली सरकी काढायचं जिन होतं. नवी यंत्रं घ्यायची म्हणून स्वित्झर्लंडच्या एका कंपनीशी त्यांचा पत्रव्यवहार चालला होता, आणि त्या कंपनीनं त्यांना फेब्रुवारीत कारखाना बघायला बोलावलं. काम आटोपलं की पाहुण्यांना डोंगरातल्या एका गावी नेऊ, तिथं लोक पायाला फळ्या बांधून बर्फावरून घसरतात, तुम्हीही घसरा, असंही कळवलं. त्या गावाचं एक रंगीत पुस्तक सोबत आलं होतं. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की बायकोला घेऊन आलात तर आम्हाला आनंदच आहे. ते वाक्य माणिकप्पांनी मोठ्यानं वाचलं, खो खो हसले आणि पत्राची घडी करून खिशात घातली. महानंदा तेव्हा हसली नाही.

पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच ती बाई. अंगात लाल स्वेटर, डोक्यावर पदर नाही, सगळे दात बाहेर, आणि पायाखाली अख्खा पांढरा डोंगर. माणिकप्पा जेवायला बसले की पुस्तक ताटाशेजारी उघडं. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा आणि नजर पुस्तकात. महानंदा आमटी वाढायला वाकली तरी त्यांना दिसायची नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षीसुद्धा त्यांनी तिच्याकडं इतकं टक लावून पाहिलं नव्हतं.

"काय बघायलाव एवढं?"

"गाव बघायलोय," माणिकप्पा म्हणाले. "जायच्या आधी माहिती पायजे. न्हाय तर तिथं बावळटावानी उभं ऱ्हावं लागंल."

"गाव व्हय? मला वाटलं, पाव्हणी बघायलाव."

माणिकप्पांना ते ऐकूच गेलं नाही, आणि महानंदाच्या अंगाचा तिळपापड झाला.

वैरीण ओळखून घ्यावी म्हणून तिनं दुपारी ते पुस्तक पदराखाली घातलं आणि समोरच्या सरोजिनीबाईंचं दार वाजवलं. सरोजिनीबाई मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या.

"ह्या बयेच्या खाली नाव काय लिवलंय, तेवढं वाचा बरं."

सरोजिनीबाईंनी चष्मा लावला. "नाव नाही हो. 'नवशिक्यांसाठी सोपा उतार' असं लिहिलंय."

नाव नसलेल्या बाईला शिव्या तरी कशा घालायच्या! महानंदा हिरमुसली. पण आलोच आहोत तर पुढचं पान वाचून घेऊ, म्हणून बसली. दुसऱ्या दुपारीही गेली, तिसऱ्या दुपारीही. नवऱ्याच्या नजरेत काय भरलंय ते शोधायला ती निघाली होती, आणि ते गाव तिच्याच नजरेत भरत चाललं होतं. लाकडी घरांचे सज्जे, दोरावरून डोंगर चढणाऱ्या खुर्च्या, पावाचं दुकान, शाळेमागून वर जाणारी वाट, सगळं तिला पाठ झालं. चूल फुंकताना ती त्या वाटेनं जाऊन यायची. शेवटच्या पानावर घसरायचं कसं ते होतं: गुडघे वाकवायचे, अंग पुढं झुकवायचं, पायाकडं बघायचं नाही, आणि पडायचंच झालं तर कुशीवर पडायचं. सरोजिनीबाईंनी ते दोनदा वाचलं आणि महानंदानं तिसऱ्यांदा वाचायला लावलं.

इकडं माणिकप्पांनीही तयारी मांडली. जैनोद्दीन मिस्त्रीकडून सागाच्या दोन लांब फळ्या करवून घेतल्या, पुढून वर वळवलेल्या, खालून मेण घासलेल्या. डोंगर घरचाच होता. त्या साली कापूस उदंड आला होता, आणि भाव चढेल म्हणून माणिकप्पांनी अंगणात छपराएवढी गंज लावून ठेवली होती. दवानं भिजू नये म्हणून तिच्यावर ताडपत्री ताणलेली असे. रोज सकाळी मालक शिडीनं वर चढायचे आणि ताडपत्रीवरून खाली यायचे. येताना मात्र ते फळ्यांवर कधीच नसत. तोल जाईल या भीतीनं मागं रेलत आणि पाठीवर आदळत. कापूस निवडणाऱ्या बायका तोंडात पदर कोंबून हसत.

"गुडघे वाकवा! पुढं झुका!" एकदा चहा घेऊन आलेली महानंदा ओरडली.

माणिकप्पा उताणे पडल्या जागेवरून म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? चहा ठिव अन् जा."

चहा ठेवून ती गेली. पण ते बोलणं तिला झोंबलं.

बाजाराच्या दिवशी जिन बंद असे. माणिकप्पा पिशवी घेऊन बाहेर पडले आणि महानंदा अंगणात आली. तिथं एकटा जैनोद्दीन काम करत होता.

"मिस्त्री, त्या फळ्या माझ्या पायाला बांधा."

जैनोद्दीननं रंधा खाली ठेवला. "अक्का, मालक मला जित्ता सोडणार न्हाईत."

"मालक बाजारात हायेत. बांधा."

लुगड्याचा कासोटा तिनं घट्ट खोचला. विलायतेतल्या बायकांना त्यासाठी वेगळे कपडे शिवावे लागतात. हिचं काम कासोट्यानं भागलं. फळ्या घेऊन जैनोद्दीन शिडीवर मागोमाग चढला, वर बसून त्यानं दोऱ्या आवळल्या आणि पुटपुटत दुआ मागितली. महानंदानं गुडघे वाकवले, अंग पुढं झुकवलं आणि नजर लांब फाटकावर ठेवली.

ताडपत्री सर्रकन पायाखालून गेली. कानात वारं भरलं, आणि अंगणाच्या मातीत फळ्या करकरत थांबल्या तेव्हा महानंदा उभी होती. पडली नव्हती! जन्मात कधी नव्हती हसली इतक्या मोठ्यानं ती हसली. पुन्हा चढली, पुन्हा आली. त्या घटकेला तिला कळलं की कागदावरच्या बाईशी तिचं कधी भांडण नव्हतंच. तिला हेवा वाटत होता तो माणिकप्पांचा. तिथं ते जाणार होते, आणि ती जाणार नव्हती.

तिसऱ्यांदा ती खाली आली तेव्हा माणिकप्पा फाटकात उभे होते. पिशवीतून मेथीच्या जुड्या डोकावत होत्या.

"अहो, बघितलंव का? पडले न्हाई मी!"

"जैनोद्दीन, सोड त्या फळ्या," एवढंच ते म्हणाले आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी गंज फोडायला लावली. भाव चढायची वाट बघणार होते, ती बघितली नाही. दिवसभर जिन धडधडत राहिलं आणि दिवेलागणीला अंगण मोकळं झालं. जेवायला बसले तर अर्धी भाकर तशीच टाकली. महानंदानं काही विचारलं की भिंतीकडं बघून उत्तर द्यायचे. महानंदाला हे दुखणं ओळखायला वैद्य नको होता. तिनं स्वतः महिनाभर तेच भोगलं होतं. नवरा आपल्यावर जळतो आहे! तिला आधी हसू आलं, मग धीर आला.

"मला संगं न्या," ती म्हणाली. "त्यांनी बोलावलंय."

"लई थंडी असती तिथं."

"बाकीच्या बायका मरत्यात का?"

"खायाप्यायाचे हाल होतील. आपल्यासारखं शाकाहारी मिळत न्हाय."

"दोघांचा फराळ करून घेते."

"पासपोर्ट लागतो."

"तुमचा काढलाव तसा माझा काढा."

माणिकप्पांनी ताट सरकवलं. बोटानं पाटाची कड कोरत बसले. मग बोलले ते इतकं हळू, की महानंदाला पुढं वाकावं लागलं.

"तू आलीस तर तू घसरशील अन् मी पडंन. मग मी कशाला जाऊ?"

महानंदानं त्यांच्याकडं पाहिलं. एवढा जिनाचा मालक, खांदे पाडून पाटावर बसला होता. तिला त्यांची मनापासून कीव आली. पण कीव आली म्हणून तिच्या आतलं जळणं थांबलं नाही. बोलावणं दोघांना होतं, पण त्यांच्या लेखी जायची जागा एकच, आणि ती त्यांनी धरून ठेवली होती. तिनं ताट उचललं.

"मग तुमीच जा," ती म्हणाली. "पण आल्यावर मला काय सांगू नका."