जिलबीला सुई

मारेगावजवळच्या तांड्यात डोंगरसिंग राठोडच्या दारात दोन घोड्या होत्या. थोरली शेवंता पांढरी, शांत. नवरदेव डगमगला तर आपणच थांबणारी. धाकटी जिलबी तांबूस, चार वर्षांची. तिच्यासारखी नाचणारी घोडी राळेगावपासून पांढरकवड्यापर्यंत नाही, हे खरं तर डोंगरसिंगचं एकट्याचं मत. पण तो ते इतक्या मोठ्यानं आणि इतक्या वेळा सांगे की आता ते सगळ्या तालुक्याचं झालं होतं. ढोलावर पहिली काडी पडली की जिलबी मान कमानीसारखी वाकवायची, पुढचे पाय आळीपाळीनं उचलायची, आणि नवरदेवाच्या मामाला घाम फुटायचा.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी राळेगावहून फुलचंदचा फोन आला. तोही वरातीच्या घोड्यांचाच धंदा करायचा.

"डोंगरभाऊ, माह्या तिन्ही घोड्या खोकलून राह्यल्या. ताप हाय, नाकातून पाणी हाय. तू इकडं येऊ नको, अन् तुह्या घोड्या त बिलकुल आणू नको."

डोंगरसिंगनं फोन ठेवला आणि गोठ्यात जाऊन दोघींच्या नाकाला हात लावून पाहिला. मग स्वतःच्याही. तेवढ्यात त्याची बायको रुपीबाई हिनं त्याला न विचारता सरकारी दवाखान्यातल्या शीला डॉक्टरीणबाईंना बोलावूनही टाकलं होतं.

डॉक्टरीणबाई दुपारी स्कूटीवर आल्या. दोघींचा ताप पाहिला, नव्हता.

"काका, हा घोड्यायचा फ्लू हाय. हवेतून पसरते. एक खोकलली का रांगच लागते. लस नागपूरहून मागवता येते. एक सुई आता, दुसरी महिन्याभरानं. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास दोन्ही होऊन जातील."

"मंग होणारच नायी?"

"तसं मी म्हणत नाही. झाला तरी जोर कमी राहील. अन् सुईनंतर चार-पाच दिवस आराम. नाचवायचं नाही."

"सुई कुठं देता?"

"मानेत."

डोंगरसिंगचा चेहरा पडला. जिलबीचा सगळा नाच मानेत होता. "माह्या मानेत टोचा ना बाई, दोन टोचा," तो म्हणाला. बाई हसल्या आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत सांगा म्हणून निघून गेल्या.

संध्याकाळपर्यंत त्यानं अर्ध्या तांड्याला विचारून घेतलं. म्हातारे शंकरसिंग नाईक म्हणाले, "आपल्या बापजाद्यायनं जनावरायले कधी सुई देली का?"

"बापजाद्यायची घोडी डीजेपुढं नाचत होती का?" रुपीबाई घरातूनच ओरडली.

शेवटी त्यानं जिलबीलाच विचारायचं ठरवलं. दोन्ही हातांत गूळ घेतला. उजव्या हातातला खाल्ला, म्हणजे सुई द्यायची. डाव्या हातातला खाल्ला, म्हणजे नाही. जिलबीनं उजवा खाल्ला, लगेच डावा खाल्ला, आणि मग त्याच्या पागोट्याचा शेव चघळायला लागली.

"घ्या, झाला फैसला," रुपीबाई पोट धरून हसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फुलचंदला व्हिडिओ कॉल केला. फुलचंदची लाडकी घोडी पडद्यावर दिसली. मान खाली, डोळे पाणावलेले, पुढ्यातला चारा तसाच. डोंगरसिंगला राहवलं नाही. त्यानं फोनपाशी तोंड नेऊन बँडचा ठेका धरला, "धिन ताक धिन, धिन ताक धिन." घोडीचे कान उभे झाले. तिनं पुढचा एक पाय उचलला. आणि तेवढ्यात असा खोकला आला की तो पाय थरथरत खाली टेकला.

डोंगरसिंगनं डोळे पुसले. "रुपी," तो म्हणाला, "बाईले फोन लाव. सुई मागवा म्हण."

तीन दिवसांनी लस बर्फाच्या डब्यातून आली. शेवंतानं सुई घेताना एक लांब उसासा टाकला. जिलबी डॉक्टरीणबाईंची ओढणी चघळण्यात इतकी दंग होती की तिला कळलंच नाही. डोंगरसिंग मात्र सुई पाहून मटकन खाली बसला, आणि त्याला पाणी पाजायला दोन बाया धावल्या.

दुसऱ्या दिवशी जिलबीच्या मानेवर लिंबाएवढी गाठ आली.

"रुपी! मान सुजली! गेला नाच!"

"अव बाप्पा! कोरोनाची सुई घेतली तवा तुमी दोन दिस खाटेवर कण्हत होते. ते बिचारी त उभी तरी हाय."

बाईंनी फोनवर सांगितलं तशी गाठ उतरलीही. पण पाचवा दिवस उलटला, सहावा आला, तरी तिला नाचवून पाहायची डोंगरसिंगची छाती होईना. शेवटी रुपीबाईनंच परात आणि उलथनं घेतलं आणि दारात उभं राहून बडवायला सुरुवात केली. जिलबी ढिम्म. तिनं आणखी जोरात बडवलं. जिलबीनं शेपटीनं माशी हाकलली.

डोंगरसिंग डोकं धरून बसला. मग एकदम त्याच्या ध्यानात आलं. "अव, हा कोन्ता ठेका? भांडे घासून राह्यली का तू?" त्यानं परात ओढून घेतली आणि वाजवली, धिन ताक धिन.

मान वाकली. एक पाय उचलला, मग दुसरा. रुपीबाईनं टाळी वाजवली, शेजारच्या बाया घागरे सावरत धावत आल्या आणि गोल करून नाचू लागल्या. शंकरसिंग नाईकही काठी टेकत टेकत मध्ये शिरले. जिलबी नाचत नाचत तांड्याबाहेर पडली, तिच्यामागे डोंगरसिंग, त्याच्यामागे बाया, आणि सगळं लटांबर थेट डांबरी रस्त्यावर. मारेगावची एसटी करकचून थांबली. ड्रायव्हरनं आधी रागानं हॉर्न मारला, मग तो हॉर्नही ठेक्यात आला.

कंडक्टरनं दारातून डोकं काढलं. "भाऊ, लग्न कोनाचं हाय?"

"कोनाचंच नायी!" डोंगरसिंग परात बडवत ओरडला. "उतरा ना खाली!"