पहिली मागणी

मित्रांनो, त्या रविवारी दुपारी स्तामेन आजोबांनी माझ्यावर काकडी-दह्याच्या गार साराचे दोन थेंब सांडले आणि सदऱ्याच्या बाहीने पुसले. तो त्यांचा शेवटचा दिवस होता. मला मात्र तेव्हा ते दोन थेंबच फार मोठे वाटले.

मी एक जुना कीबोर्ड आहे. बल्गेरियातल्या रूसे शहरात, दुनाव म्हणजे डॅन्यूब नदीजवळच्या एका इमारतीत, चौथ्या मजल्यावर माझे सगळे आयुष्य गेले. आजोबांची लेक रालित्सा हिने जर्मनीतल्या पहिल्या पगारातून मला आणले. बल्गेरियन अक्षरांच्या छोट्या चिकटपट्ट्या तिनेच माझ्या एकेका बटणावर बसवल्या.

"आता मला पत्रं लिहीत जा हं, तातको," ती म्हणाली. इकडे बाबांना तातको म्हणतात.

पत्रे त्यांनी थोडीच लिहिली. बंदरावरची क्रेन चालवून निवृत्त झालेला हा माणूस तळमजल्यावरच्या दोचोंच्या नादाने 'ओरोम' नावाच्या खेळात शिरला. त्यात देशोदेशीचे लोक आपापल्या घरी बसून एकत्र किल्ले जिंकतात, राक्षस मारतात. पुढे चालायचे माझे बटण तर झिजून नदीतल्या गोट्यासारखे झाले. त्यावरचे अक्षर कधी गेले, मलाही कळले नाही.

दर वसंतात खेळाडू आपल्या मागण्या खेळ चालवणाऱ्यांना कळवत. चाळीस जणांच्या टोळीचे पत्र आजोबाच लिहीत. अक्षरे मोठी करा, आमचे डोळे म्हातारे झाले. बेटावर जाणाऱ्या होडीसाठी अर्धा तास उभे करू नका. गडी मेला तर वर्षभरातच त्याचे नाव पुसू नका. पण पहिली मागणी दरवर्षी एकच असे: मान हलवण्याची खूण ज्याची त्याला ठरवू द्या. आमच्याकडे हनुवटी वर उचलली की 'नाही' आणि मान आडवी हलवली की 'होय'. खेळात सारे उलटे.

तीही मागणी उगाच नव्हती. एकदा किल्ल्याच्या दारापाशी एका परदेशी गड्याने विचारले, "उघडू?" आजोबांनी घरच्या सवयीने मान वर उचलायचे बटण दाबले. त्याने दार उघडले. आतल्या आगीत चाळीसच्या चाळीस जण खलास.

दोचो धापा टाकत चार जिने चढून आले. "अरे क्रेनवाल्या, तुझ्या एका मानेनं चाळीस माणसं खाल्ली!"

"मी नाहीच म्हणत होतो रे!"

"मला काय सांगतोस? मीही भाजलोय त्यात!"

दोघे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. पत्र गेले. उत्तर आले: 'आपली सूचना नोंदवली आहे.' दरवर्षी हेच उत्तर येई.

त्या रविवारी नवे पत्र अर्धे झाले होते. आजोबा सकाळपासून एका हाताने लिहीत होते, दुसरा छातीवर होता. तेवढ्यात पडद्यावर रालित्सा आली.

"काय रे, चेहरा असा का उतरलाय? बरा आहेस ना?"

आजोबांनी हनुवटी वर उचलली. एकदाच, सावकाश.

"मग छान," ती म्हणाली. "आज माणसं यायचीत जेवायला. पुढच्या महिन्यात येते, नक्की."

"जा, बाळा. माणसं खोळंबतील."

संध्याकाळी दोचो बोलवायला आले, तेव्हा आजोबा माझ्यासमोरच्या खुर्चीतच होते.

काल आजोबांना जाऊन चाळीस दिवस झाले. इमारतीच्या दारावर त्यांचा फोटो असलेला निधनाचा कागद चिकटवला आहे. घरात गेलेल्या माणसासाठी उकडतात त्या गव्हाचा वास आहे. रालित्साने दोचोंना त्या दिवसाचे बोलणे सांगितले. ते टोपी चुरगळत म्हणाले,

"एकोणीस वर्षं तिकडे काढलीस, पोरी. तुझे डोळेही तिकडचेच झाले. त्या किल्ल्यासारखंच झालं बघ. तुझा काय दोष?"

दोचो गेले.

मग तिने मला पुढे ओढले, आजोबांचे अर्धे पत्र पूर्ण केले आणि पाठवून दिले. क्षणात उत्तर आले: 'आपली सूचना नोंदवली आहे.' वर्षभराने आजोबांचे नावही तिथून पुसले जाईल. उद्या मी खोक्यात जाईन आणि ते खोके कुठे जाईल, ते मला ठाऊक आहे.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाने नुसती मान हलवली, तर त्यावर उठून जाऊ नका. त्याच्या तोंडून ऐका.

इतकेच सांगून मी थांबणार होतो. दोचोंसारखेच मलाही वाटत होते की पोरीची नजरचूक झाली. पण रालित्साने दोन्ही तळहात माझ्यावर टेकले. बटणे दबून राहिली, पडद्यावर एकच अक्षर पुन्हा पुन्हा उमटत गेले. रिकाम्या खोलीत ती मोठ्याने म्हणाली,

"तातको, मला कळलं होतं. तू नाही म्हणालास. मी मुद्दाम होय धरलं."