बाई बसल्या तो उंबरा

"चार दिस झालं, पोरगी आन्नाला शिवली न्हाय. आन् ह्यो बघा, आरशाम्होरं हुबा ऱ्हाऊन भाषाण घोकतोय!"

झुंबरबाईंनी शेजारी ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं आणि सूप असं आपटलं की गव्हाचे चार दाणे मुलाच्या इस्त्रीच्या पँटपर्यंत उडाले. आकारामनं ते झटकले. आईकडे पाहिलं नाही.

उचगावच्या समाजमंदिरात अकरा वाजता अंबूबाई मास्तरणींच्या पुतळ्याचं अनावरण होतं. वस्तीतल्या पोरींच्या हातात पहिल्यांदा पाटी दिली ती या बाईंनी. यंदा त्यांची जन्मशताब्दी. आकाराम समितीचा अध्यक्ष होता आणि बाईंच्या हाताखाली दुसरीपर्यंत शिकलेल्या झुंबरबाई आजच्या सत्काराच्या मानकरी. त्यासाठी त्यांना पांढरं लुगडं नेसवून सकाळपासून तयार ठेवलं होतं.

"पोरगी गैरहजर दिसली की बाई हजेरीची वही घेऊन तिच्या दारात जायच्या," आकाराम आरशाला सांगत होता. "उंबऱ्यावर बसायच्या. पोरगी दप्तर घेऊन बाहेर येईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. बाई ज्या उंबऱ्यावर बसल्या, त्या घरातली मुलगी शाळेत गेलीच!"

आत खोलीत लोखंडी कपाट खडखडलं. झुंबरबाई भिंतीला धरून उठल्या.

पूर्णिमा कपाटापुढे फतकल मारून बसली होती. मांडीवर उलथनं, टोकाला वाकलेलं. कपाटाच्या दाराला नुसता ओरखडा आला होता. नर्सिंगला नंबर लागला होता. मूळ दाखले आज दोनच्या आत कोल्हापुरात दाखवायचे, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाणार. दाखले कपाटात आणि किल्ली बापाच्या खिशात. त्यानं ठरवलेल्या हातकणंगल्याच्या स्थळाला बारावी पुरे होती.

"आज्जी, साडेधा वाजलं."

"व्हय."

"तू माग की किल्ली."

"तीनदा मागितली, बाळा."

पूर्णिमानं उलथनं पुन्हा फटीत घातलं. तिच्या बोटातून रक्त येत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. झुंबरबाईंनी पदराचं टोक तिच्या बोटाला गुंडाळायला घेतलं, मग सोडून दिलं आणि बाहेर गेल्या.

आकाराम चप्पल घालायला आला तेव्हा आई उंबऱ्यावर बसलेली. घराला दार एकच.

"ऊठ आई. पावणं खोळंबल्यात."

"खोळंबू देत."

"चक्कर आली व्हय? थांब." त्यानं तांब्या भरून आणला. झुंबरबाईंनी तो हाताच्या पालथ्या बाजूनं परत सारला. पाणी त्याच्या पायावर सांडलं.

आकाराम तांब्याकडे बघत राहिला. मग हसला.

"ही काय नाटकं?"

"तुझ्याच भाषणातलं हाय की. पर त्यातली एक वळ खोटी हाय."

"कंची?"

"पोरगी शाळेत गेलीच, म्हणतोस ती." त्यांनी उंबऱ्याच्या लाकडावर हात ठेवला. "हितंच बसल्याल्या बाई. सकाळधरनं. तू पाळण्यात हुतास. तुझ्या अक्काचं, शालीचं लगीन ठरवायचं हुतं मला. बाईंना म्हटलं, शाली कागलला मामाकडं गेलीया."

"मग?"

"शाली आत कणगीमागं हुती. खोकला झाल्याला तिला. दिसभर खोकत हुती पोरगी, आन् बाई हितं बसून ऐकत हुत्या. दिवं लागल्यावर उठल्या. म्हणल्या, झुंबरे, पोरीला आल्याचा काढा दे. बास. परत ह्या दाराला आल्या न्हाईत."

गेल्याच महिन्यात शालनअक्का माहेरी यायला म्हणून कागलच्या स्टँडवर भलत्याच गाडीत चढली होती. पाटी वाचता येत नाही, आणि विचारायची लाज वाटली. आकारामनंच तिला निपाणीहून आणली होती आणि घरभर सांगत हसला होता.

समाजमंदिराच्या कर्ण्यातून त्याचं नाव पुकारलं गेलं. अध्यक्षांनी ताबडतोब यावं.

"आई," तो आवाज खाली आणून म्हणाला, "ह्ये तितं माईकवर बोलू नगंस."

त्याचा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. आतला खडखडाट थांबला होता.

झुंबरबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"शालीला लपवली तवा मी काय लपवतीया ह्ये मला ठावं न्हवतं. तुला ठावं हाय. माझ्यापरास तू वाईट निघालास, आकाराम. आता किल्ली काढ, न्हायतर वलांड मला."