मागच्या बाजूचे श्वास

फाल्गुन उतरत होता. मिरजेच्या काळ्या रानाकडेला पांगारा पेटला होता. पर्णहीन, निर्लज्ज, रक्तपुष्पी. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली, स्टुडिओच्या कृष्णशीतल खोलीत, रूथ साळवे स्वतःचं नवं गाणं ऐकत होती.

रूथ. कधीकाळची विद्युत्कंठी. गिटारच्या गर्जनेवर मांड ठोकून बसलेली रॉकगायिका. मग क्षयानं फुप्फुस कुरतडलं आणि तपभराचं मौन आलं. आता पुनरागमन: एक काळी तबकडी. पुढच्या बाजूला हे गाणं, मागच्या बाजूला रेकॉर्ड कंपनीनं निवडलेली दोन जुनी.

गाणं संपलं. नितळ होतं. संगमरवरी होतं. थडग्यासारखं.

"माझे श्वास कुठायत?"

ध्वनिमुद्रणाच्या यंत्रापुढचा ओजस अभिमानानं वळला. "काढले ना, मॅडम! ओळीओळीला धाप लागत होती. म्हातारं वाटत होतं."

कोपऱ्यात तिचा जुना ड्रमवाला एलिया खो खो हसला. "रूथे, मयत झाली तुझी? कळवलं पण नाहीस?"

ती हसली नाही. सूर देवानं दिले होते, फुकटात. श्वास मात्र तिचे. लोखंडी खाटेवर कमावलेले, नळीतून ओढलेले, रक्तासकट गिळलेले.

"फेकलेस?"

"नाही. वेगळे ठेवलेत."

"लाव."

आणि ते आले. शब्दहीन, सूरहीन, नग्न. भात्यासारखे फुलणारे, जखमी जनावरासारखे कण्हणारे, अडखळून पुन्हा उठणारे. एलियाचं हसू विझलं. त्याची बोटं खुर्चीच्या हातावर वाजू लागली. श्वास अडला की अडत, सुटला की सुटत.

"मागच्या बाजूला हेच जाईल," रूथ ओजसला म्हणाली. "एलियाच्या बोटांचा ठेकाही घे. जुनी गाणी काढ."

"कंपनी सगळंच बंद करेल, मॅडम. परत कोण विचारणार तुम्हाला?"

"करू दे बंद. श्वास नाहीत तर गाणंही नाही."

ओजसनं कंपनीला फोन लावला. पलीकडचा आवाज चढला, तडकला, मग कंटाळला. "मागची बाजू ऐकतंय कोण? टाका काय टाकायचं ते."

वैशाखात तबकडी आली. पांगाऱ्याची फुलं केव्हाच मातीला मिळाली होती. रूथनं पुढची बाजू ऐकलीच नाही. उलटली. सुई टेकवली.

तबकडी फिरत राहिली, काळी, चकाकती, आवर्तातून आवर्तात. आणि त्या कृष्णवर्तुळाच्या तळाशी एक बाई श्वास घेत होती, सोडत होती, घेत होती.